कुठल्या पानावर आहात? ‘सध्या काय वाचताय’ कट्टा सुरू करणाऱ्यांसाठी

लोकलमध्ये शेजारणीच्या हातात पुस्तक दिसलं की माझी मान आपोआप वाकडी होते. मुखपृष्ठ मांडीवर दडलेलं असेल तर पानाच्या कडेला बारीक अक्षरात छापलेलं नाव वाचायचा प्रयत्न करते. तेही जमलं नाही तर धीर करून विचारतेच, “काय वाचताय?” आजवर एकीनंही तोंड वाकडं केलेलं नाही. उलट डोंबिवलीला सुरू झालेलं बोलणं घाटकोपर आलं तरी संपत नाही, आणि उतरताना लक्षात येतं की आपण एकमेकींची नावंसुद्धा विचारली नाहीत.

हाच प्रश्न आम्ही आमच्या सोसायटीत आणला. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी साडेपाचला आम्ही जमतो आणि आळीपाळीनं सांगतो, सध्या काय वाचतोय. कार्यक्रम एवढाच. आता सहावं वर्ष चालू आहे, म्हणून दुसऱ्या इमारतींतले लोक विचारायला येतात, “आम्हालाही सुरू करायचंय, काय काय लागतं?” त्यांना दर वेळी तेच ते सांगते, म्हणून आता लिहूनच काढलं.

आधी आमची फजिती

पहिल्या नोटिशीत आम्ही लिहिलं होतं, ‘आपल्याला आवडलेल्या पुस्तकाविषयी दोन शब्द बोलण्यासाठी जमूया.’ नऊ जण आले. पहिल्यांदा एक निवृत्त काका उठले. त्यांनी पाठपोट लिहिलेले चार कागद आणले होते. लेखकाचा जन्म, शिक्षण, मिळालेले पुरस्कार, मग प्रकरणवार सारांश. दोन शब्दांना चाळीस मिनिटं लागली. काका वाईट बोलले असं नाही, चांगलंच बोलले. पण त्यांच्यानंतर दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची पाळी होती. त्यांनी हातातलं पुस्तक पिशवीत सरकवलं आणि म्हणाल्या, “यांच्यापुढे मी काय बोलणार!” तिसरीला घरी कुकर लावलेला आठवला. पुढच्या महिन्यात चार माणसं आली, त्यात एक काका आणि एक मी.

तिसऱ्या महिन्यात नोटिशीतलं वाक्य बदललं : ‘सध्या जे पुस्तक वाचताय ते, आहे त्या पानावर खूण घालून, घेऊन या. वाचून संपलेलं पुस्तक आणू नये.’

कट्टा तरला तो या एका वाक्यामुळे, असं माझं स्पष्ट मत आहे. वाचून झालेल्या पुस्तकावर माणूस निकाल देतो. निकाल द्यायचा म्हटलं की अधिकार लागतो, आणि ज्याला आपला अधिकार कमी वाटतो तो गप्प बसतो. अर्ध्यावर असलेल्या पुस्तकाचं तसं नसतं. पुढे काय होणार हे मराठीच्या निवृत्त प्राध्यापकांना ठाऊक नसतं आणि पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या ताईंनाही नसतं. शिवाय पुस्तक संपलेलंच नसल्यामुळे कुणाला प्रकरणवार सारांश सांगता येत नाही. हा फायदा आमच्या आधी लक्षातही आला नव्हता.

तेव्हा बाकी काही घेतलं नाहीत तरी चालेल, हे वाक्य तेवढं घ्या.

पहिली पायरी : माणसं, जागा, वार

सुरुवातीला सहा माणसं पुरतात. बारापलीकडे गेलात की दोन कट्टे करा, कारण मग निम्मे लोक श्रोते होऊन भिंतीला टेकतात. माणसं गोळा करताना ‘वाचनाची आवड असलेल्यांसाठी’ असं लिहू नका. ते वाचून लोक स्वतःच्या मनाशी म्हणतात, आपल्याला एवढी कुठे आवड! लिफ्टजवळच्या फळ्यावर साधं लिहा : वार, वेळ, जागा आणि वरचं वाक्य.

जागा कुणाच्या घरी ठेवू नका. हे मी आग्रहानं सांगते. घरी ठेवलं की त्या घरची बाई पोहे करत स्वयंपाकघरात राहते, आणि तिचं पुस्तक फ्रीजवर तसंच पडून असतं. आमच्याकडे दोनदा असं झालं. सोसायटीचं ऑफिस, गच्ची, देवळाचा सभामंडप, वाचनालयाची खोली, यातलं काहीही चालेल. बऱ्याच सार्वजनिक वाचनालयांत संध्याकाळी वर्तमानपत्रांचं टेबल रिकामं असतं. ग्रंथपालांना विचारलंत तर नाही म्हणण्याचं त्यांना सहसा कारण नसतं, त्यांना वाचक हवेच असतात. खाण्यापिण्याचं म्हणाल तर एक थर्मास चहा आणि बिस्किटांचा पुडा. त्यापुढे गेलात की दर महिन्याला कुणीतरी मागच्यापेक्षा सरस करायला बघतं आणि कट्ट्याची भिशी होते.

वार एकदा ठरला की बदलायचा नाही. ‘या महिन्यात सगळ्यांना कधी जमेल?’ असा प्रश्न ग्रुपवर टाकलात की तो महिना गेलाच म्हणून समजा.

दुसरी पायरी : बोलायचं काय

नव्या माणसाला सर्वांत जास्त भीती याचीच असते. आम्ही तीन गोष्टी ठरवून दिल्या आहेत.

एक, नाव, लेखक आणि पान. “मी अमुक पुस्तक वाचतेय, दोनशे दहापैकी पान चौसष्ट.” पान सांगायला लावणं पहिल्यांदा शाळेतल्यासारखं वाटतं, पण त्यानं माणूस जमिनीवर येतो. पाचव्या पानावर असलेला माणूस पाचव्या पानाएवढंच बोलतो. भाषांतर असेल तर अनुवादकाचंही नाव सांगायचं, हा आमचा हट्ट आहे. बंगाली किंवा कन्नड कादंबरीतलं वाक्य आपण ज्या माणसाच्या मराठीत वाचतो, त्याचं नाव घ्यायला काय हरकत आहे?

दोन, हे पुस्तक हाती कसं आलं. वरवर किरकोळ वाटणारा हा प्रश्न सगळ्यात जास्त बोलतं करतो. एकाला ते वडिलांच्या कपाटात सापडलेलं असतं, आत १९७४ सालचं बसचं तिकीट खूण म्हणून ठेवलेलं. एकीनं अप्पा बळवंत चौकात मुलीची क्रमिक पुस्तकं घेताना सहज उचललेलं असतं. एकाला ऑफिसातल्या निरोपसमारंभात मिळालं, तीन वर्षं तसंच होतं, मग टाळेबंदीत उघडलं. पुस्तकाबद्दल बोलताना अवघडणारा माणूसही ही गोष्ट न अडखळता सांगतो, आणि एकदा आवाज फुटला की पुढचं सोपं जातं.

तीन, एक जागा वाचून दाखवायची. पाच-सहा ओळी, फार तर अर्धं पान. ‘भाषा ओघवती आहे’ असं म्हणण्यापेक्षा त्या ओळी वाचाव्यात, ऐकणाऱ्याला कळतं. ओळी घरीच निवडून पेन्सिलनं बारीक खूण करून आणा. नाहीतर “इथेच कुठेतरी होतं” म्हणत पानं उलटण्यात तीन मिनिटं जातात. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिलचीही खूण नको, तिथे कागदाची पट्टी घाला.

चौथी गोष्ट सांगायची सक्ती नाही, पण विचारायला मजा येते : पुढे काय होईल असं वाटतंय? आमच्याकडच्या एका कॉलेजातल्या मुलानं एका कादंबरीतल्या आत्याबद्दल ठामपणे सांगितलं होतं की हीच घर विकणार. पुढच्या महिन्यात तो आला तो दारातूनच म्हणाला, “आत्यानं विकलं नाही.” सगळ्यांना कोणती आत्या ते आठवत होतं.

तिसरी पायरी : घड्याळ

प्रत्येकी चार मिनिटं. दहा माणसं धरली तर चाळीस मिनिटं बोलण्याची, तेवढीच मधल्या गप्पांची, दहा मिनिटं पुस्तकं अदलाबदल करण्याची. दीड तासात माणूस घरी. मोबाइलवर गजर लावा आणि तो फोन कट्ट्यावरच्या सर्वांत लहान मुलाच्या हातात द्या. मोठ्या माणसानं थांबवलं तर राग येतो, दहा वर्षांची मुलगी “आजोबा, झालं” म्हणाली तर सगळे हसतात आणि आजोबा थांबतात. आमच्या त्या चार कागदवाल्या काकांना असंच वळण लागलं. आता ते दोन मिनिटांत आटोपतात आणि उरलेल्या दोन मिनिटांत इतरांना प्रश्न विचारतात. त्यांचे प्रश्न त्यांच्या भाषणापेक्षा कितीतरी चांगले असतात.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं आहे, वाचकाचा वेळ वाचवा. ते ग्रंथालयासाठी आहे हे खरं, पण आमच्या वहीच्या पहिल्या पानावर तेच लिहिलंय.

काय चालतं? जवळजवळ सगळं

‘हे पुस्तक कट्ट्यावर आणण्यालायक आहे का?’ हा प्रश्न नवीन माणूस मनातल्या मनात विचारतो आणि स्वतःच ‘नाही’ असं उत्तर देऊन घरी बसतो. म्हणून यादी मोठ्यांदा सांगावी लागते. कविता, कादंबरी, चरित्र तर झालंच. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी वाचत असलेलं इतिहासाचं जाडजूड पुस्तक चालतं. श्रावणात लावलेली पोथी चालते. आपल्याकडे पारायण, सप्ताह यांतून एकत्र बसून वाचण्याची सवय पिढ्यानपिढ्यांची आहे, तेव्हा पोथीला दारात अडवणारे आपण कोण? पाककृतींचं पुस्तक चालतं. मुलाला झोपताना वाचून दाखवता ते वीस पानांचं चित्रांचं पुस्तक चालतं. इंग्रजी, हिंदी, गुजराती पुस्तक चालतं, फक्त सांगायचं मराठीत. ऐकत असाल तर तेही वाचनच. कानात पुस्तक लावून भाजी निवडणाऱ्या दोघी आमच्याकडे आहेत. त्या पानाऐवजी तास सांगतात : “अकरापैकी साडेतीन तास झाले.”

दिवाळी अंक तर हक्कानं आणा. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून फराळाबरोबर अंक हे आपल्याकडचं समीकरण आहे. आमचे नोव्हेंबर-डिसेंबरचे दोन कट्टे फक्त अंकांचे असतात. त्यातला हिशेबही चोख आहे : दहा जणांनी दहा वेगळे अंक घ्यायचे आणि फिरवायचे. एकाच अंकाच्या किमतीत दहा अंक वाचून होतात. मात्र कोण कोणता घेणार हे दिवाळीच्या पंधरा दिवस आधी ठरवा. पहिल्या वर्षी आम्ही ठरवलं नाही आणि एकाच अंकाच्या चार प्रती जमल्या.

चालत नाही ती एकच गोष्ट : न वाचता, फोनवर आलेल्या सारांशावरून बोलणं. ते लगेच कळतं. पान विचारलं की माणूस छताकडे बघतो.

‘सध्या काहीच वाचत नाहीये’

हे उत्तर दर महिन्याला दोघा-तिघांकडून येणारच. परीक्षा, मुलाचं लग्न, सासूबाईंचं ऑपरेशन, मार्चअखेर. अशा माणसाला “अहो, वेळ काढावा लागतो” असं ऐकवलंत तर तो पुन्हा फिरकणार नाही. त्याला विचारा, शेवटचं कोणतं पुस्तक अर्धवट सोडलंत आणि कुठे? अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल लोक फार प्रामाणिक बोलतात. “नव्वद पानांपर्यंत फक्त पाऊसच पडत होता हो, मी छत्री मिटली आणि ठेवलं,” असं एका बँकवाल्या काकांनी सांगितलं आणि त्यांचं ऐकून दोघांनी तेच पुस्तक नेलं. एकाला पाऊस आवडला.

पुस्तक सोडायची मुभा आहे हे कट्ट्यावर उघड म्हणायला हवं. आपल्याला शाळेपासून ताटातलं आणि पुस्तकातलं टाकू नये असं शिकवलेलं असतं. त्यामुळे न आवडणारं एक पुस्तक उशाशी चार महिने पडून राहतं आणि त्याच्या धाकानं दुसरं उघडलं जात नाही. माझा स्वतःचा नियम पन्नास पानांचा आहे. तुम्ही तुमचा ठरवा.

दुसरा एक उपाय आम्ही अलीकडे केला. बसल्यावर पहिली वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही, आपापलं पुस्तक वाचायचं. बंगळूरच्या कब्बन पार्कात लोक सतरंज्या टाकून गप्प वाचत बसतात, आणि मुंबई-पुण्यातही तशी मंडळी बागांतून जमतात, त्यावरून हे सुचलं. ज्यांना महिनाभरात पान उलटता आलं नाही त्यांची निदान आठ-दहा पानं इथे होतात, आणि मग ‘काहीच नाही’ असं कुणालाच म्हणता येत नाही.

चौथी पायरी म्हणा हवं तर : तोंड आवरणे

बोलणारा अर्ध्यावर असल्यामुळे तो शेवट सांगू शकत नाही. पण ज्यांनी ते पुस्तक आधी वाचलंय ते सांगू शकतात, आणि धोका तिथे आहे. आमच्या एक काकू रहस्यकथा वाचत होत्या, पान एकशे तीस. त्या रंगात येऊन सांगत असताना पलीकडून कुणीतरी सहज म्हणालं, “तो डॉक्टर पहिल्यापासूनच मला खटकला होता.” बस, एवढंच. काकूंनी पुस्तक मिटलं. खूण काढून पर्समध्ये ठेवली. नंतर दोन महिने त्या आल्या, पण पुस्तक न घेता.

तेव्हापासून नियम असा : वाचलं असेल तर फक्त हात वर करायचा आणि “वाचलंय” म्हणायचं. पुढे एक शब्द नाही. ज्याला बोलायचंय त्यानं नंतर चहाच्या वेळी, बोलणाऱ्याला “शेवट चालेल का?” असं विचारून बोलावं.

आणखी एक. कुणाच्या पुस्तकाला नाक मुरडायचं नाही. ‘अजून हेच वाचताय?’ हे वाक्य आमच्याकडे दंडनीय आहे, दंड पुढच्या वेळचा चहा.

पुस्तकं आणायची कुठून

नव्या लोकांना वाटतं, कट्टा म्हणजे दर महिन्याला खरेदी. मुळीच नाही. आधी जवळचं वाचनालय गाठा. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांसाठी १९६७ सालापासून कायदा आहे, त्याखाली हजारो ग्रंथालयांना शासनमान्यता आणि अनुदान मिळतं. अ, ब, क, ड अशी त्यांची प्रतवारी असते. काही तर फार जुनी आहेत : रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये निघालं, मुंबईचं १८९८ मध्ये. नाव नोंदवायला जाताना पत्त्याचा पुरावा आणि एखादा फोटो जवळ ठेवा. एकदा भरायची अनामत आणि दरमहा किंवा वार्षिक वर्गणी असा साधारण हिशेब असतो, आणि बाजारातल्या एका जाड कादंबरीच्या किमतीत पुष्कळ महिने निघतात. अनामतीची पावती जपून ठेवा, सभासदत्व सोडताना तीच मागतात. माझी पावती मी कोणत्या पुस्तकात ठेवली होती ते आजतागायत आठवलेलं नाही.

‘पुस्तक बदलायला’ जाताना यादी घेऊन जा, पण यादीला चिकटू नका. परत आलेल्या पुस्तकांचा ढीग काउंटरवर असतो, तो आधी चाळा. लोक खरोखर काय वाचतायत हे तिथे दिसतं.

गावाकडे वाचनालय लांब असेल, किंवा तुम्ही परदेशात असाल, तर पेटीचा मार्ग आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठाननं विनायक रानडे यांच्या पुढाकारानं २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ ही योजना सुरू केली. देणगीतून पुस्तकं घेऊन शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या केल्या, त्या वाचकांच्या गटांकडे दिल्या, आणि काही महिन्यांनी गटांनी आपसात पेट्या बदलायच्या. अशा पेट्या दुबईपर्यंत पोहोचल्या. आपण ही कल्पना लहान प्रमाणावरही वापरू शकतो. आमची आणि शेजारच्या सोसायटीची पंचवीस-पंचवीस पुस्तकांची पिशवी दर चार महिन्यांनी बदलते, मध्ये फक्त एक गेट आणि एक वॉचमनदादा आहेत.

सहल काढायची असेल तर महाबळेश्वर तालुक्यातल्या भिलारला जा. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. स्ट्रॉबेरीवाल्या शेतकऱ्यांच्या घरांत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत, कुठे कविता, कुठे बालसाहित्य, कुठे चरित्रं. दुपारभर वाचत बसा, कुणी उठवत नाही. आम्ही बारा जण गेलो होतो. गाडीत जाताना गाण्यांच्या भेंड्या, येताना सगळे गप्प, कारण ज्याचं त्याचं पुस्तक अर्धवट राहिलं होतं.

देवघेवीची वही

कट्ट्यावर एकमेकांची पुस्तकं नेली जाणारच, ती जायलाच हवीत. पण वही नसेल तर वर्षाअखेर भांडण ठरलेलं. साधी दोनशे पानी वही घ्या, आडवे रकाने आखा : तारीख, पुस्तकाचं नाव, कुणाचं, कुणी नेलं, परत आल्याची तारीख, सही. एका वेळी एका माणसाला एकच पुस्तक. आधीचं परत आल्याशिवाय दुसरं नाही, मग ती सेक्रेटरींची सून का असेना.

आपल्या पुस्तकावर नाव फक्त पहिल्या कोऱ्या पानावर घालू नका, ते पान फाटतं किंवा ‘फाटतं’. जुनी वाचनालयं आतल्या एका ठरलेल्या पानावरही शिक्का मारतात. तसंच करा. मी सत्ताविसाव्या पानाच्या तळाशी तारीख घालते. (आता हे सगळ्यांना कळलं, पान बदलावं लागेल.) बाहेर जाणाऱ्या पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचं कव्हर घाला. पावसाळ्यात पुस्तक पिशवीतून न्यायचं, आणि परत आल्यावर पंख्याखाली तासभर उघडं ठेवून मगच कपाटात. दमट पुस्तकानं शेजारच्या चारांना बुरशी लागते. कपाटात कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवणारे आहेत, मी वर्षातून दोनदा सगळी पुस्तकं काढून झटकते, कसर त्यानंच हटते.

काही पुस्तकं परत येणार नाहीत. वही असली तरी येणार नाहीत. जे पुस्तक गेलं तर झोप लागणार नाही, ते कट्ट्यावर दाखवा, द्यायला आणू नका.

फोनवरचा ग्रुप आणि पीडीएफचं दुखणं

ग्रुप करावाच लागतो, पण त्याचं काम आधीच बांधून घ्या. आमच्याकडे सुप्रभात नाही, सण नाही, राजकारण नाही. फक्त सोमवारी एक ओळ टाकायची मुभा आहे, ती अशी : पुस्तकाचं नाव, लेखक, पान, आणि एक वाक्य. उदाहरणार्थ, ‘…पान ११२ (एकूण २४०). गिरणी बंद झाल्यावरचा पहिला पगाराचा दिवस. डबा भरून बाप घरातच बसलाय.’ एवढं वाचून कुणाला ते पुस्तक हवंसं वाटलं तर काम झालं. पुस्तकाचा फोटो टाकताना मुखपृष्ठाऐवजी आपण जिथे आहोत त्या पानाची कड आणि बाजूला चहाचा कप असा फोटो लोक आवडीनं बघतात, का ते मला माहीत नाही, पण बघतात.

कधीतरी कुणीतरी मोठ्या मनानं नव्या कादंबरीची पीडीएफ टाकणार. “ज्यांना हवी त्यांनी घ्या” आणि वर तीन हात जोडलेले. त्या माणसाचा पाणउतारा करू नका, पण फाइल तिथल्या तिथे काढायला लावा. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, हरि नारायण आपटे १९१९ मध्ये, त्यांचं लेखन आता मुक्त आहे, ते खुशाल वाटा. गेल्या वर्षी आलेली कादंबरी मुक्त नाही. मराठीत पुस्तकाच्या प्रती मुळात थोड्या निघतात. शंभर जणांच्या ग्रुपवर फिरलेली एक फाइल लेखकाला आणि प्रकाशकाला चांगलीच जाणवते. बोलण्यापुरता पाच-सहा ओळींचा उतारा टाकायला अडचण नाही, अख्खं प्रकरण नको.

परदेशातल्या मंडळींनी ऑनलाइन कट्टा करायचा तर वेळेचा घोळ आधी सोडवा. भारतातल्या लोकांबरोबर बसायचं असेल तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी सकाळी दहा ही वेळ चांगली पडते. उन्हाळ्यात इथे तेव्हा संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेआठ. तिकडची घड्याळं बदलली की इकडे सांगायला विसरू नका. पुण्यातली आजी तासभर कोऱ्या पडद्यासमोर बसून राहते. ऑनलाइन बसताना माणसं आठच्या वर नकोत, आणि वाचून दाखवण्याचा भाग दुप्पट करा. तिकडे वाढलेली मुलं मराठी वाचत नसली तरी ऐकतात, आणि आजोबांच्या तोंडून ऐकलेलं अर्धं पान त्यांना पुरतं.

माणसं गळतात तेव्हा

मे महिन्यात सगळे गावी, गणपतीत सगळे घरी, मार्चमध्ये परीक्षा. वर्षातले तीन महिने कट्टा बारीक होणार हे धरून चाला आणि रद्द करू नका. एकदा रद्द झाला की लोक फोन करून विचारतात, “आहे ना नक्की?” आणि विचारावं लागलं की निम्मे येत नाहीत.

त्यासाठी उपस्थितीची नोंद ठेवा, देवघेवीच्या त्याच वहीत मागच्या बाजूनं. महिना, किती आले, कोण कुठल्या पानावर. पोळीभाजीवाल्या ताई एक आत्मचरित्र वाचतायत. वहीत त्यांची पानं अशी आहेत : जानेवारी ४१, फेब्रुवारी ४४, मार्च ४४, एप्रिल ५२, मे ७०, जून ९७. मार्चला लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या. एप्रिलपासून केंद्रावर मदतीला मुलगी ठेवली. हे त्यांनी सांगितलं म्हणून कळलं, नाहीतर आम्हाला वाटलं होतं पुस्तक रटाळ आहे.

या जुलैत दुसऱ्या रविवारी गाड्या बंद, गेटपाशी गुडघाभर पाणी. साडेपाचला ऑफिस उघडून बसले. पावणेसहाला ताई आल्या, पुस्तक तेलाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेलं. आम्ही दोघींनी वीस मिनिटं वाचलं. मग त्यांनी अर्धं पान वाचून दाखवलं, निम्म्यात वीज गेली, तर उरलेलं मोबाइलच्या उजेडात. वही मी घरी येऊन भरली : जुलै, उपस्थिती २, ताई पान ११८, मी पान ३०.